अभ्यासक्रमात नसलेलं नाटक

पेट परीक्षेची तयारी करणाऱ्या एकीने परवा विचारलं, "दादा, ज्याचा अभ्यासक्रमच नव्हता, त्याचा इतिहास कसा लिहायचा?" उत्तर माझ्याच चुकीतून देतो.

मी मूळचा एम.एस्सी. फिजिक्सवाला. शिक्षणाच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा संशोधन आराखड्यात बिनधास्त लिहून टाकलं होतं, 'जळगाव-धुळ्याच्या माध्यमिक शाळांत नाट्यशिक्षण नव्हते.' गाइड मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "नव्हतं, की विषय म्हणून नव्हतं?"

हा फरक नीट समजून घ्या. बालगंधर्वांचंच उदाहरण बघा. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. लहानपणी ते शिकायला जळगावात होते आणि गाण्याचे धडे त्यांना इथेच मेहबूबखाँकडे मिळाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. तिथे गोविंद बल्लाळ देवलांसारखे तालीममास्तर होते, गाण्याला भास्करबुवा बखले होते. आजच्या हिशेबाने हे अकरावी-बारावीचं वय. म्हणजे प्रगत अभिनयाचं शिक्षण होतंच. फक्त ते मंडळीच्या बिऱ्हाडी होतं. त्यासाठी घर सोडावं लागे, आणि बायकांची कामंही पुरुषच करत असल्याने मुलींना तिथे दारच नव्हतं.

हे दार पुढे शाळेच्या बाजूने उघडलं. मुंबईत सुधा करमरकरांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी'. पुढे राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा आली आणि जळगाव तिचं एक केंद्र झालं. आता मुलगी घरी राहून, शाळा न सोडता नाटक शिकू शकत होती.

स्पर्धेच्या निकालाची बातमी कधी नीट वाचली आहे? दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं. माझं म्हणणं असं, की ही बक्षिसांची यादी म्हणजेच शाळांचा न छापलेला अभ्यासक्रम. ज्याला बक्षीस असतं, त्यासाठी शाळा माणूस शोधते, तालमीत वेळ देते. पाठ्यपुस्तक नसलं तरी कामाची विभागणी होते.

पण इथेच सावध राहा. यादीत प्रकाशयोजनेपुढे बहुतेकदा मोठ्या माणसाचं नाव असतं. आमच्या गॅदरिंगला दिव्यांचं श्रेय सरांच्या नावावर होतं. बटणांपाशी मी आणि माझा मित्र बसायचो. जिलेटिनचा लाल कागद दिव्यापुढे धरला की हिरवी साडी काळपट दिसते, हे मी पुस्तकाच्या आधी तिथे शिकलो. कागदावर मात्र मी कुठेच नाही. म्हणून निकाल हा शिक्षणाचा पुरावा नाही, शिक्षण कुठे शोधायचं याचा पत्ता आहे. पुढचं काम तुमचं: शाळेचे वार्षिक अंक, गॅदरिंगच्या खर्चाच्या वह्या, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली मुलं. त्यातली जी आज पन्नाशी-साठीत आहेत त्यांना भेटा. "तुम्ही नाटकात होता का?" असं विचारू नका. "तालमीत तुमच्या हातात काय होतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस दुसऱ्याला अर्धा तास बोलतो.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या घरांतले रुमाल सोडून कागद वाचले. आपल्याला तेवढं फिरायचं नाही. आपल्याच शाळेचं एक कपाट उघडायचं आहे, रद्दीवाला येण्याआधी.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य आता असं आहे: 'नाट्यशिक्षण विषय म्हणून नव्हते, ते कोणाला, कोणाकडून आणि कोणत्या कामातून मिळाले?' टिंबाच्या जागी प्रश्नचिन्ह आलं, आणि खरं काम तिथून सुरू झालं.