वाघ, येन आणि काकतालीय न्याय

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असे प्रसंग इतिहासात पुष्कळ आढळतात. जपानमधील अशा एका प्रसंगमालिकेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

ओसाका-कोबे परिसराचा लाडका बेसबॉल संघ म्हणजे हानशिन टायगर्स. २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलरचे मूल्य उतरविण्याचा करार झाला. २ नोव्हेंबरला या 'वाघां'नी प्रथमच जपान सिरीज जिंकली. येन वधारला. निर्यातीस बसणारा फटका सौम्य व्हावा म्हणून बँक ऑफ जपानने १९८७ पर्यंत व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला आणि स्वस्त झालेला पैसा जमिनीत व शेअरांत शिरला. १९८९ च्या अखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला आणि मग कोसळला. इकडे १९८७ ते २००१ या पंधरा हंगामांत वाघ दहा वेळा तळाला राहिले. एप्रिल २००३ मध्ये निक्केई ७,६०७ पर्यंत घसरून सावरू लागला; त्याच वर्षी वाघांनी अठरा वर्षांनंतर सेंट्रल लीग जिंकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपान सिरीज पुन्हा त्यांच्याकडे आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निक्केईने १९८९ चा उच्चांक ओलांडला. संघाचे दैव तेच देशाचे दैव, असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही?

परंतु तपशिलात शिरताच ही वीण उसवते. १९८७ आणि १९८८ या ऐन तेजीच्या वर्षांत वाघ शेवटचेच होते. उलट बुडबुडा फुटल्यावर, १९९२ मध्ये, ते दुसरे आले.

आमचा आक्षेप केवळ या विसंगतीपुरता नाही. रूपक शिकविणाऱ्यांनी, रूपक काय झाकते, हेही सांगावयास हवे. हरलेल्या संघाचा हंगाम पुढल्या वसंतात शून्यापासून सुरू होतो. जपानी कंपन्या मात्र नव्या पदवीधरांची भरती एप्रिलमध्ये एकगठ्ठा करीत. ती वेळ हुकली की दार पुन्हा उघडणे कठीण. १९९० च्या दशकापासून २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा काळ तिथे 'नोकरीचे हिमयुग' म्हणूनच ओळखला जातो. त्यात सापडलेले कित्येक पदवीधर वर्षानुवर्षे तात्पुरत्या कामांवरच राहिले. त्यांतले बरेचसे आज आमच्याच वयाचे आहेत.

व्याजदर माणसे ठरवितात, भरतीची रीतही माणसेच ठरवितात. दैवाच्या भाषेत लिहिलेल्या इतिहासात क्रियापदे उरतात, कर्ता मात्र गळून पडतो. तो कर्ता शोधून वाक्यात परत आणणे, हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.