सातचा भोंगा

परवा रात्री आमच्या घरात चार माणसं आणि चार मोबाईल. अकरावीतल्या मावसभावाला म्हटलं, "ठेव की रे तो फोन थोडा वेळ." तो म्हणाला, "दादा, मी ठेवीन रे, पण बाकीचे सगळे ऑनलाइनच असतात. मग मी एकटाच बाहेर पडतो." समजवायला गेलो, तर फोन माझ्याही हातात! गप्प बसलो.

मग रविवारी चहा घेऊन जरा मागे जाऊन पाहिलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. माझ्या शाळेच्या दिवसांत नाशिकच्या सायबर कॅफेत ते तासाच्या हिशोबाने मिळायचं. वेळ संपली की काउंटरवरचे काका "चला, उठा" म्हणायचे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, सुरुवातीला डेटा फुकट, आणि 'उठा' म्हणणारं कोणी उरलं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर शाळाच मोबाईलमध्ये आली. "फोन ठेव आणि अभ्यास कर" हे वाक्यच बाद झालं!

शाळा परत भरल्या, तरी पोरं फोन सोडेनात. तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने एक उपाय काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मोठ्यांचेसुद्धा. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी सांगत फिरले. सुरुवातीचा दिवस? १५ ऑगस्ट २०२२. इंटरनेट आल्याला बरोबर २७ वर्षं!

दीड तासाने मनाचा आजार बरा होत नाही. झोप उडाली, उदास वाटत राहिलं, तर डॉक्टरच गाठायला हवा. पण मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या भोंग्यात सापडलं. एकट्याने फोन ठेवला तर पोरगं एकटं पडतं. सगळ्यांनी एकदम ठेवला तर कोणीच पडत नाही. आपण मात्र पोरांना "मनावर ताबा ठेव" सांगतो, आणि इकडे माझ्यासारखे इंजिनियर तो ताबा सुटावा म्हणून कोड लिहितात. युजर ॲपवर किती वेळ थांबला, हा आकडा आमच्या दर मीटिंगला असतोच...

असो. आता आमच्याकडे कुकरची शिट्टी हाच भोंगा. शिट्टी झाली की चारही फोन फ्रीजवर. पहिल्या दिवशी तिकडे आधी हात गेला तो माझाच. मावसभावाने त्याच्या तीन मित्रांनाही विचारलंय. एक तयार झालाय.