प्रक्षेपणाच्या पल्ल्याबाहेरचे बालपण

दूरचित्रवाणीच्या पहिल्या आठवणींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याची एक मांडणी आता ठरून गेली आहे. चाळीतल्या किंवा वाड्यातल्या एकाच घरी सरकत्या दारांचा कृष्णधवल संच असतो, खोलीभर शेजारची मुले बसलेली असतात आणि पडद्यावर ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ चालू असतो. या आठवणी खऱ्या आहेत आणि त्यांतला जिव्हाळाही खरा आहे. आमचा आक्षेप आहे तो एवढाच, की त्यांना सरसकट ‘मराठी माणसाचे दूरदर्शन-बालपण’ म्हटले जाते. हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी उभे राहून पाहिले, तर हे बालपण मुंबई-पुण्याच्या प्रक्षेपणाच्या पल्ल्यात राहणाऱ्यांचे होते, हे ध्यानात येते. पल्ल्याबाहेरच्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. त्या लिहिल्या गेल्या नाहीत, म्हणून त्या नव्हत्याच असे मात्र नाही.

आधी सनावळी पाहू. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे त्याच्याशी जोडले गेले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा प्रसिद्ध प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवले गेले. त्यांत कर्नाटकातले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते, आंध्र प्रदेशातला तेलंगणाचा भागही होता. हे सारे मुलूख १९४८ पर्यंत मराठवाड्याबरोबर एकाच निजामी राज्यात नांदलेले. महाराष्ट्र मात्र त्या सहा राज्यांत नव्हता. त्यामुळे गुलबर्ग्याच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाने दूरचित्रवाणी १९७५ मध्येच पाहिली. त्याच्या वयाच्या मराठवाड्यातल्या मुलाला पुढची कित्येक वर्षे तो शब्द फक्त वर्तमानपत्रातून भेटत राहिला.

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे गाव. एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला वऱ्हाड. नावातला ‘नाका’ ही जुन्या सीमेची खूण होय. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगेच्या या परिसरात दोन राजवटी समोरासमोर आल्या. हैदराबाद संस्थानाचे जकातखाते स्वतंत्र होते. करोडगिरी हे त्याचे नाव. सीमेवरून जाणाऱ्या मालाची तपासणी व्हायची, जकात वसूल व्हायची. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून आणि हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, नाका नावापुरता उरला.

या टापूत चित्र पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली ती १९८० नंतरच्या दशकात. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१बी’ अवकाशात गेला. १९८४ मध्ये तर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा देशभर सपाटा लागला. काही महिने दिवसाला जवळपास एक असा तो वेग होता. अशा प्रक्षेपकाची शक्ती साधारण १०० वॅट. शहर आणि भोवतालची पंधरा-वीस किलोमीटरची खेडी एवढाच त्याचा पल्ला. जिल्ह्याच्या गावापासून दूर, दोन विभागांच्या सांध्यावर असलेल्या वस्तीचा नंबर त्यात शेवटचा लागणार, हे उघडच होते. उंच बांबूवर अँटेना चढवायचा, एकाने वर फिरवायचा, दुसऱ्याने अंगणातून आणि तिसऱ्याने घरातून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे. आमच्या भागातल्या पुष्कळांची दूरचित्रवाणीची पहिली आठवण मुंग्यांनी भरलेल्या पडद्याची आहे, कार्यक्रमाची नाहीच. ज्यांना चित्र लवकर लाभले, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पहिले ठसलेले दृश्य ३ नोव्हेंबर १९८४ चे आहे : इंदिरा गांधींची अंत्ययात्रा.

हे लघुशक्ती प्रक्षेपक दिल्लीचाच कार्यक्रम पुढे पाठवत. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभर पोहोचण्याची व्यवस्था नंतरची. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या मुलाला दूरदर्शन प्रथम मराठीत भेटले, तर आमच्याकडच्या मुलाला हिंदीत. त्याची पहिली मालिका ‘हम लोग’, त्याचा पहिला खेद ‘रुकावट के लिए खेद है’. मराठी त्याला रेडिओवर ऐकू येई. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरची शेतीची माहिती, बातम्या, गाणी ही घरातली भाषा होती. कान मराठीत आणि डोळे हिंदीत, अशी आमच्या पिढीची घडण झाली. अँटेना वऱ्हाडाकडे वळवा की मराठवाड्याकडे, चित्र तेच, दिल्लीचे. जिथे एकेकाळी दोन राजवटींचा माल तपासला जाई, तिथे दोन्ही बाजूंना संध्याकाळी एकच पडदा उजळू लागला.

तरीही या हिंदीचे स्वागत नाक्याच्या दोन्ही अंगांना सारखे झाले नसावे, असे आम्हाला वाटते. निजामी राज्यात राजभाषा उर्दू होती, वरचे शिक्षण उर्दूतून होते, उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचे होते. वऱ्हाडातल्या माणसाचा दफ्तराशी संबंध मराठी-इंग्रजीतून आला. १९८८ मध्ये ‘मिर्झा गालिब’ मालिका लागली किंवा राही मासूम रझांचे संवाद घेऊन ‘महाभारत’ आले, तेव्हा मराठवाड्यातल्या उर्दू शिकलेल्या आजोबांना त्या भाषेचा अर्थ नातवंडांना सांगता आला. ज्या भाषेची सक्ती त्यांनी तरुणपणी सोसली, तीच म्हातारपणी घरात त्यांचा मान वाढवून गेली. या गुंतागुंतीची नोंद आमच्या वाङ्मयात फारशी आढळत नाही.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ आणि ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, या साडेतीन वर्षांतल्या रविवारच्या सकाळी हा खेड्यापाड्यांतल्या दूरचित्रवाणीचा खरा आरंभकाळ. संचासाठी टपाल कार्यालयातून घ्यावा लागणारा परवाना तोवर रद्द झाला होता. धूत कुटुंबाच्या ‘व्हिडिओकॉन’ने औरंगाबादजवळ रंगीत संच बनवायला सुरुवात केली, तीही याच सुमारास; मराठवाड्यात चित्र नीट पोहोचण्याआधी संचांचा कारखाना पोहोचला होता, असे म्हणायला हरकत नाही. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणावी, संचापुढे उदबत्ती लावावी, चपला बाहेर काढून बसावे. मात्र ओसरीवर कोण बसले, अंगणात कोण आणि खिडकीबाहेर उभे कोण, याचीही आठवण ठेवली पाहिजे. ‘सारा गाव एकत्र बसायचा’ या वाक्यात गावाची जातवार बैठक झाकली जाते.

आठवणींना इतिहास म्हणून वापरताना सावधगिरी हवीच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्ब्वाक्स याने १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले, की माणूस आठवतो तो समाजाने पुरवलेल्या चौकटीत. १८ जून १९८३ रोजी कपिलदेवने झिम्बाब्वेविरुद्ध काढलेल्या १७५ धावांचे चित्रण झालेच नाही; तरी ती खेळी ‘पाहिल्याचे’ सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नसतात. ऐकलेले, वाचलेले आणि नंतर पाहिलेले त्यांच्या मनात एक झालेले असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा आमच्याही मूळ आठवणीवर नवा थर चढला. आता १९८७ चे किती आणि २०२० चे किती, हे सांगणे अवघड. मुंबई-पुण्याच्या आठवणी वाचून वाचून आमच्याकडचे लोकही ‘गजरा’ पाहिल्याचे सांगू लागले, तर नवल नाही.

म्हणूनच ही नोंद आता करणे निकडीचे आहे. सुरुवातीच्या पुष्कळ ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. जुने ॲनालॉग प्रक्षेपक, काही मोजके वगळता, २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले. ज्यांनी बांबूवर चढून अँटेना फिरवला, ते आज पन्नाशी-साठीत आहेत आणि ज्यांनी नातवंडांना उर्दू समजावून सांगितले, ते बहुतेक राहिलेले नाहीत. त्यांच्याशी बोलताना ‘तुम्ही पहिल्यांदा काय पाहिले’ हा प्रश्न पुरेसा नाही, कारण त्याचे उत्तर चौकटीतून येते. अँटेनाचे तोंड कोणत्या गावाकडे होते, संच कुणाच्या घरी होता, बसायला जागा कुठे मिळाली, आणि पडद्यावरची भाषा घरात कुणाला कळत होती, एवढे विचारावे. यांची उत्तरे सहसा कुणी उसनी आणत नाही. कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणची अशी पाच-पंचवीस उत्तरे जमली, तरी मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा आरंभ १९७२ च्या मुंबईबरोबरच आणखी कुठे कुठे आणि केव्हा केव्हा झाला, हे मांडता येईल.