बाळंतपणानंतर जुने कपडे का बसत नाहीत? कपाट नव्याने कसं लावायचं?

मॅटर्निटी लीव्ह संपत आलेली असते. सोमवारी ऑफिसला जायचं असतं. रविवारी रात्री बाळ झोपल्यावर कपाट उघडलं जातं आणि एकेक कपडा अंगाला लावून बघितला जातो. जीन्स मांडीपर्यंतच चढते. कुर्त्याची चेन मध्येच अडकते. ज्या ब्लाउजचे हुक कसेबसे लागतात, तो घालून हात वर करता येत नाही. आरामात बसतात ते फक्त गरोदरपणातले गाऊन. ते घालून ऑफिसला जाता येत नाही.

'वजन उतरलं की बसतील सगळे,' असं म्हणून कपाट बंद होतं. मग पुढचे कित्येक महिने दोन-तीन गाऊन आणि नवऱ्याचे टी-शर्ट यांवरच निघतात.

पण जुने कपडे न बसण्याचं कारण फक्त वजन नसतं. शरीरात नेमकं काय बदलतं, नवे कपडे कधी घ्यावेत, जुन्यांचं काय करावं आणि थोड्या पैशांत हे कसं जमवावं, ते समजून घेऊया.

शरीरात नेमकं काय बदलतं?

बाळंतपणानंतर गर्भाशयाला मूळ आकारात यायला साधारण सहा आठवडे लागतात. त्यामुळे प्रसूतीनंतर काही दिवस पोट पाच-सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसणं अगदी स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट पोटाच्या स्नायूंची. गर्भ वाढताना पोटावरचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के महिलांच्या स्नायूंमध्ये हे अंतर होतं. वर्षभरानंतरही साधारण ३३ टक्के महिलांमध्ये ते कायम होतं. म्हणजे वजनकाटा जुन्या आकड्यावर आला, तरी कमरेचा घेर जुना असेलच असं नाही. अशा वेळी कुठलेही पोटाचे व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेतलेला बरा.

बरगड्यांचा घेरही गरोदरपणात वाढतो. त्यामुळे कुर्ता पोटावर सैल असूनही छातीखाली अडकू शकतो.

आणि पावलं? अमेरिकेत ४९ महिलांच्या पावलांची गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि प्रसूतीनंतर सुमारे पाच महिन्यांनी मोजमापं घेतली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनेक जणींच्या तळपायाची कमान खाली बसल्याचं आणि पाऊल २ ते १० मिलिमीटरनं लांबल्याचं दिसलं. हा बदल मुख्यतः पहिल्या बाळंतपणात होत असल्याचं संशोधकांना आढळलं. चपला चावायला लागल्या तर सूज उतरायची वाट बघत बसू नका, पाऊल पुन्हा मोजून घ्या.

मग आई-आजीच्या पिढीला हा प्रश्न का पडला नाही?

प्रश्न त्यांनाही होताच, पण त्याचं उत्तर कपड्यातच होतं. सहावारी असो की नऊवारी, साडीला माप नसतं. पोट वाढलं तर निऱ्या कमी होतात, उतरलं की पुन्हा वाढतात. परकराला नाडी असते. बदलावा लागायचा तो फक्त ब्लाउज, आणि त्याचीही सोय शिवतानाच केलेली असायची.

ब्लाउज शिवताना टेलर दोन्ही बाजूंना आतून जास्तीचं कापड सोडतात. त्याला 'माया' म्हणतात. अंग भरलं की एक शिलाई उसवायची, उतरलं की पुन्हा घालायची.

रेडिमेड कपड्यांत ही सोय जवळजवळ संपली. जीन्सची कंबर ठरलेली, कुर्त्याची चेन ठरलेली आणि आत माया जेमतेम. त्यात प्रत्येक ब्रँडचा 'एम' आणि 'एल' वेगळा. भारतीय शरीरांची स्वतःची साइझ ठरवण्यासाठी 'निफ्ट' या संस्थेनं 'इंडियासाइझ' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांहून अधिक लोकांची मापं घेण्याचा हा प्रकल्प होता. लेबलवरच्या अक्षरावरून स्वतःबद्दल काहीही ठरवू नये. एका दुकानातला 'एल' दुसऱ्या दुकानात 'एक्सएल' असू शकतो.

नवे कपडे कधी घ्यावेत?

सगळं एकदम घेऊ नका, टप्प्याटप्प्यानं घ्या.

*पहिले सहा आठवडे:* शरीर रोज बदलत असतं, त्यामुळे मापाचे कपडे घेऊ नयेत. सैल, सुती आणि पुढून उघडणारे कपडे पुरतात. सिझेरियन झालं असेल तर इलॅस्टिक टाक्यांवर घासणार नाही असं, म्हणजे कंबरेच्या वर बसणारं वापरावं.

*सहा आठवडे ते सहा महिने:* या काळात 'मधले' कपडे लागतात. ते थोडेच घ्यावेत, पण आजच्या मापाचे घ्यावेत. नाडीची सलवार, पलाझो, बाजूला बंद असलेला अंगरखा पॅटर्नचा कुर्ता आणि ए-लाइन कुर्ता हे शरीर बदललं तरी चालतात.

*दूध सुटल्यानंतर:* छातीचं माप पुन्हा बदलतं. महागडा ब्लाउज, फिटिंगचा ड्रेस किंवा ब्लेझर यासाठी ही वेळ योग्य.

फीडिंग ब्रा मात्र आधीच लागते आणि ती अंदाजानं घेऊ नये. छातीच्या बरोबर खालचा घेर आणि सगळ्यात भरलेल्या भागाचा घेर, अशी दोन मापं टेपनं घ्यावीत. या दोन मापांतल्या फरकावरून कप ठरतो. घट्ट ब्रा टाळावी, कारण सततच्या दाबानं दूध साठून गाठ होऊ शकते.

जुन्या कपड्यांचं काय करायचं?

बाळ झोपलेलं असताना तासाभरात होईल असं काम आहे. सगळं कपाट पलंगावर काढू नका. बाळ उठलं तर पसारा तसाच राहतो. एका दिवशी एकच कप्पा घ्या आणि कपड्यांचे चार ढीग करा.

- आज बसतं आणि आवडतं: हे डोळ्यांसमोरच्या कप्प्यात.
- दुरुस्त होईल: माया असलेले ब्लाउज, बाजू सोडता येतील असे कुर्ते. हे पिशवीत भरून दाराजवळ ठेवा, म्हणजे टेलरकडे खरंच जातील.
- आत्ता बसत नाही, पण ठेवायचंय: हे बॅगेत भरून माळ्यावर. बॅगेवर तारीख लिहा आणि वर्षभरानं उघडा.
- द्यायचं: बहिणीला, मैत्रिणीला, गरजूंना किंवा बोहारणीला. मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी आणि गोधड्या होतात, त्या आधी बाजूला काढा.

तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा. न बसणारे कपडे रोज समोर दिसत राहिले, तर कपाट उघडताना रोज स्वतःची परीक्षाच होते. ते फेकायची गरज नाही. फक्त नजरेआड करायचे.

कमीत कमी किती कपडे पुरतात?

अमेरिकन डिझायनर डॉना करन यांनी १९८५ मध्ये 'सेव्हन इझी पीसेस' हे कलेक्शन आणलं. एकमेकांवर जुळणारे मोजके कपडे घेऊन अनेक पोशाख करायचे, ही त्यामागची कल्पना होती. याच पद्धतीला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणतात. सकाळी कपडे निवडायला पाच मिनिटंही नसलेल्या आईला ही पद्धत सोयीची आहे.

आपल्याकडच्या ऑफिसला जाणाऱ्या आईसाठी यादी साधारण अशी होईल:

- एकमेकांशी जुळणारे ५ कुर्ते किंवा टॉप
- ३ बॉटम: एक काळी, एक पांढरट, एक जीन्स किंवा डेनिम रंगाची
- २ ओढण्या किंवा स्टोल
- समारंभासाठी १ साडी आणि माया असलेला १ ब्लाउज
- न चावणारी, सपाट टाचेची १ चप्पल आणि १ बूट

पाच टॉप आणि तीन बॉटम म्हणजेच १५ जोड्या. मात्र खरेदीआधी एक नियम पाळा: नवा टॉप घरातल्या किमान दोन बॉटमवर गेला पाहिजे.

किमतीचा विचारही वेगळ्या पद्धतीनं करता येतो. तीन हजारांचा ड्रेस तीनदाच घातला, तर एका वेळेला हजार रुपये पडले. नऊशेचा कुर्ता साठ वेळा घातला, तर पंधरा रुपये. त्यामुळे रोजच्या कपड्यांवर थोडे जास्त पैसे गेले तरी तो खर्च वाया जात नाही.

ऑफिसला जाताना काय लक्षात घ्यावं?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी मातृत्व रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. दुसरीकडे, बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रजा संपते तेव्हा अनेक जणींचं अंगावर पाजणं सुरूच असतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांती देण्याची तरतूद कायद्यात आहे.

त्यामुळे दूध काढताना पूर्ण उतरवावा लागेल असा ड्रेस ऑफिसला नको. पुढून बटणं असलेला शर्ट-कुर्ता किंवा दोन्ही बाजूंना लपलेल्या चेन असलेली फीडिंग कुर्ती बरी पडते. महाग फीडिंग कुर्ती घ्यायलाच हवी असं नाही. आवडत्या कुर्त्याला टेलरकडून अशा चेन बसवून घेता येतात. दुधाचा डाग प्लेन फिक्या कापडावर लगेच दिसतो, बारीक छापाच्या कापडावर लपतो. ड्रॉवरमध्ये एक स्टोल आणि एक जादा टॉप कायम ठेवावा.

बाळ कडेवर असताना काय टाळावं?

टिकल्या, मोती, लटकन आणि सुटी बटणं बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. लांब मंगळसूत्र आणि झुमके ओढले जातात. त्याऐवजी आखूड मंगळसूत्र आणि कानाला चिकटून बसणारी कुडी किंवा टॉप्स वापरता येतील. पदराला किंवा ओढणीला पिन लावायचीच असेल, तर बाळाचं डोकं टेकतं त्या खांद्यावर लावू नये.

दुधाचा डाग पडला तर आधी थंड पाण्यानं धुवा, कारण गरम पाण्यानं तो पक्का होतो. वरणाची हळद लागली तर साबणानं धुऊन उन्हात वाळवा. उन्हात हळदीचा पिवळेपणा फिका पडतो.

'आता आई झालीस, हे शोभतं का?'

बारशाला आलेले नातेवाईक 'किती सुटलीस गं!' म्हणून जातात. तीच बाई सहा महिन्यांनी लिपस्टिक लावून बाहेर पडली की, 'बाळ घरी आणि हिचं नटणं बघा,' असंही ऐकू येतं. या दोन वाक्यांच्या मध्ये अनेक जणी स्वतःसाठी काही घेणंच सोडून देतात. घरात बाळाच्या झबल्यांची खरेदी दर महिन्याला होते, आईची मात्र पुढच्या दिवाळीवर जाते.

आवड बदलली असेल तर तीही मान्य करावी. आधी हील्स आणि बॉडीकॉन ड्रेस आवडायचे, आता खणाचं जॅकेट आणि कोल्हापुरी आवडते, यात काही गमावलेलं नसतं. आवड तीच राहिली असेल, तरीही त्यात चूक काही नाही. सुरुवात एका गोष्टीपासून करता येते. प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनी अनेकींचे केस गळू लागतात आणि साधारण वर्षभरात ते पूर्ववत होतात. या काळात सोपा हेअरकट करून घेतला, तरी आरशातली स्वतःची ओळख पुन्हा पटायला मदत होते.

घरातल्यांचा वाटाही इथेच आहे. दुकानात ट्रायल रूमच्या बाहेर बाळाला घेऊन वीस मिनिटं उभं राहणं, हे बाबानं दिलेल्या गिफ्ट व्हाउचरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र कपड्यांवर ढकलू नये. आंघोळ करावीशी, कपडे बदलावेसेही न वाटणं, सतत रडू येणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांशी बोलावं किंवा सरकारच्या 'टेली मानस' या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकावर फोन करावा.

बाकी कपाटापुरतं बोलायचं, तर पहिलं काम सोपं आहे. आजच्या मापाची एक बॉटम आणि दोन टॉप या आठवड्यात घ्या. ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला एवढं नक्की सांगा, 'माया जरा जास्त ठेवा.'