बंडीची गल्ली, मोटारीचे गणित

1/ वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर हे कापसाच्या मुलखातील गाव. अशा गावाच्या जुन्या वस्तीत मोटार शिरली, की ती परत फिरवायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. दोष गल्लीचा की मोटारीचा?

2/ प्रथम बंडी पाहू. दोन चाके, एकच आस. बैल वळले की एक चाक जवळजवळ जागीच राहते व दुसरे त्याभोवती फिरते. जागा लागते ती मुख्यतः बैलांना. अडचण झालीच, तर बैल सोडून बंडी हातांनी फिरवता येते.

3/ चार चाकांना ही सोय नाही. जुन्या बग्गीची पुढची आस मध्यावर फिरे. तीव्र वळणावर बग्गी कलंडण्याचा धोका असे. म्युनिकचा कारागीर गेऑर्ग लांकेन्श्पेर्गर याने पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीवर वळवले. 1818 मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन याने त्याचे पेटंट घेतले. रचनेला नाव मात्र ॲकरमनचे मिळाले.

4/ तिचा नियम असा: चारही चाकांचे लंब एकाच बिंदूत मिळावेत, आणि तो बिंदू मागच्या आसाच्या रेषेवर असावा. म्हणून आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळते.

5/ बाहेरचे चाक 30 अंश वळते असे मानू. 30 अंशांची ज्या 1/2. म्हणून वळणाची त्रिज्या पुढच्या-मागच्या आसांतील अंतराच्या दुप्पट. ॲम्बॅसडरमध्ये हे अंतर सुमारे 2.46 मीटर, म्हणजे वर्तुळाचा व्यास जवळपास 10 मीटर. 1983 च्या मारुती 800 मध्ये ते सुमारे 2.15 मीटर, व्यास 9 मीटरांच्या आत.

6/ गल्ली 5 मीटरांची असेल, तर वर्तुळाचे तुकडे करावे लागतात. पुढे जाताना चाके उजवीकडे, मागे येताना डावीकडे. तरीही मोटारीचे तोंड उजवीकडेच वळत राहते. अंश साठत जाऊन 180 होतात. गल्ली जितकी अरुंद, तितके तुकडे अधिक. मात्र रुंदी मोटारीच्या लांबीहूनही कमी असेल, तर कितीही तुकडे केले तरी ती फिरत नाही.

7/ तेव्हा रुग्णवाहिकेला गल्लीच्या तोंडाशीच थांबावे लागते आणि रुग्णाला खाटेवरून तिथवर आणावे लागते. गल्ली रुंद करावी, तर कुणाची तरी ओसरी जाते. पूर्वजांचे गणित चुकले नव्हते. ते बंडीसाठी मांडलेले होते. आज जुन्या वस्तीत एखादा मोकळा चौक राखला, तरी मोटार फिरवण्याचा प्रश्न बराचसा सुटतो.