आधी सांगितलं असतं तर

आत्याची वडापावची गाडी उचलली त्या दिवशी मी कॉलेजात होते. संध्याकाळी तिच्या घरी गेले, तर ती ओट्याला टेकून नुसती बसली होती. गाडी गेली होती, शेगडी, सिलिंडर, दोन कढया, झारा, चटणीचे डबे, बसायचं स्टूलसुद्धा. सकाळी साडेदहाला अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला आणि पाच मिनिटांत कोपरा मोकळा झाला. दोन दिवसांनी तिथं दुचाकी लागायला लागल्या.

मी तावातावानं बोलत होते. आत्या मात्र शांत होती. म्हणाली, "गाडी नेली त्याचं मी काही म्हणत नाही गं. रस्ता काही माझ्या बापाचा नाही. पण आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर सिलिंडर नि कढया तरी घरी आणल्या असत्या की."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे मी नोकरीसाठी मुंबईत आले आणि एका रात्री मोबाईलवर एक जुना निकाल वाचत बसले. लांबलचक, इंग्रजीत, वकिली भाषेतला. आत्याचं वाक्य वेगळ्या शब्दांत त्यात सापडलं. ते लिहिणारे होते देशाचे सरन्यायाधीश.

पावसातली घोषणा

गोष्ट १९८१ सालची. १३ जुलैला मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवण्यात येईल आणि त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवण्यात येईल. असं जगणं अमानुष आहे, पावसाळ्यात या माणसांना नीट राहता येत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. म्हणजे पावसात हाल होतात म्हणून भर पावसात घरं पाडायची.

निकालपत्रात अशा दोन माणसांची हकिकत आहे. त्यातला एक तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळात काम सुटलं म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत २३ रुपये रोजावर लागला. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लॅस्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळवण्यासाठी एका झोपडीदादानं त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. घरात बायको आणि तीन मुली.

दुसरा आपल्या संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं आणि १९६९ मध्ये त्यानं मुंबई गाठली. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीत फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० गेले.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. फुटपाथवरचे लोक 'फुकट' राहतात असं आपण सहज म्हणून जातो. फुकट कुणीच राहत नव्हतं. पैसे देत होते, फक्त पावती मिळत नव्हती.

२३ जुलैला सेलमच्या माणसाची झोपडी पाडली गेली. त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र परत आला, कारण काम इथं होतं. पुन्हा फुटपाथवरच राहिला.

विलेपार्ल्याचं कामराज नगर आणि माहीमजवळचा तुलसी पाइप रोड इथल्या रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. कामराज नगरात पाचशेवर झोपड्या होत्या. हायवेलगत पाण्याचे पाइप टाकायला आलेल्या मजुरांनी १९६०च्या सुमारास ती वस्ती उभी केली होती. म्हणजे शहराला पाणी आणणारे हात तिथंच राहून गेले होते. न्यायालयानं तात्पुरती मनाई दिली. पुढे, १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही, असं सरकारी बाजूनं मान्य केलं. तरीही २३ जुलैला आपल्याला एसटीच्या गाड्यांत कोंबून मुंबईबाहेर काढलं, असा या रहिवाशांचा आरोप होता. त्या प्रवासात दोन बाळं जन्मली आणि दोन दगावली, असंही याचिकेत म्हटलं होतं. सरकारचं म्हणणं वेगळं होतं: कुणाला बळजबरीनं पाठवलेलं नाही. ज्यांनी गावी जायचंय असं लिहून दिलं, त्यांनाच गाडी आणि भाड्याचे पैसे दिले.

सरकारला प्रश्न विचारायची सोय

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस या पत्रकार एका याचिकेत पहिल्या याचिकाकर्त्या होत्या, म्हणून खटला त्यांच्याच नावानं ओळखला जातो: ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. सोबत फुटपाथवरचे रहिवासी होते, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज होती, लोकशाही हक्कांसाठी काम करणारी आणखी एक समिती होती.

इथं थोडं थांबायला हवं. न्यायालय सरकारचा निर्णय तपासतं, याला कायद्याच्या मराठीत 'न्यायालयीन पुनर्विलोकन' म्हणतात. शब्द जड आहे, काम साधं आहे. निर्णय शहाणपणाचा आहे का, हे न्यायाधीश सहसा बघत नाहीत. ते बघतात, की हा निर्णय घ्यायचा अधिकार कायद्यानं दिला होता का? दिला असेल तर तो नीट वापरला का? आणि तो अधिकार देणारा कायदा तरी संविधानात बसतो का? अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आणि अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. अनुच्छेद ३२ला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा मानलं होतं, ते उगीच नाही. हक्क कागदावर असून भागत नाही, ते मागायला दारही लागतं.

या दाराची ताकद अंतुले यांना लवकरच कळली. सिमेंटवाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात चालली, न्या. बी. लेंटिन यांनी तो संबंध मान्य केला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना पद सोडावं लागलं. फुटपाथवाल्यांची याचिका मात्र अजून दिल्लीत पडून होती.

'नोटीस देऊन काय उपयोग?'

पालिकेच्या हातात मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३१४ होतं. कायदा १८८८ सालचा. रस्त्यावरचं, फुटपाथवरचं अतिक्रमण आयुक्त 'नोटीस न देता' काढू शकतात, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

पालिकेचा आणखी एक मुद्दा होता. फुटपाथवर राहायचा मूलभूत हक्क आम्हाला नाही, असं याच लोकांनी उच्च न्यायालयात कबूल केलं होतं. मग आता हक्काची भाषा कशी? सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा फेटाळला. मूलभूत हक्क कुणी बोलण्याच्या ओघात सोडून देऊ शकत नाही. ते एकट्या माणसाच्या फायद्यासाठी नसतात, सगळ्या समाजासाठी असतात.

मग न्यायालयानं पुढचं पाऊल टाकलं. अनुच्छेद २१ जगण्याचा हक्क देतो. पण माणसाच्या पोटावर पाय दिला, तर जगणं उरतं कुठं? ही माणसं फुटपाथवर हौसेनं राहत नाहीत. काम जवळ आहे म्हणून राहतात. तिथून हटवलं की काम जातं, काम गेलं की जगणं जातं. म्हणून उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. आज हे आपल्याला उघड वाटतं. १९८५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते स्पष्ट शब्दांत लिहिणं ही मोठी गोष्ट होती.

राहिला नोटिशीचा प्रश्न. पालिकेच्या वकिलांचा युक्तिवाद असा, की हे लोक अतिक्रमण करून बसलेत हे स्पष्टच आहे. त्यांना बोलावून विचारलं तरी ते सांगणार काय? सुनावणीचा उपयोग काय?

न्यायालयाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुनावणी फक्त निर्णय बदलावा म्हणून घ्यायची नसते. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतोय, त्याच्याशी बोलणं याला स्वतःचीच एक किंमत असते. तो दगड नाही, उचलून बाजूला ठेवायला. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे त्याला न विचारता ठरवायचा अधिकार कुणालाच नाही. त्यामुळे कलम ३१४ रद्द झालं नाही, पण त्याचा अर्थ बदलला. कायदा नोटीस न द्यायची मुभा देतो, नोटीस देऊ नका अशी सक्ती करत नाही. नोटीस देणं हा नियम, न देणं हा अपवाद, आणि तोही खरोखर तातडी असेल तरच.

आत्याला हेच म्हणायचं होतं. तिला गाडी वाचवायची नव्हती. तिला कुणीतरी आधी येऊन बोलायला हवं होतं.

हरले की जिंकले?

१० जुलै १९८५ला निकाल आला. आणि फुटपाथवाले हरले.

फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतात, तिथं घर बांधायचा हक्क कुणाला नाही, हे न्यायालयानं स्पष्ट केलं. नोटीस द्यायला हवी होती हेही म्हटलं, पण आता आम्हीच तुमचं सगळं ऐकून घेतलंय, त्यामुळे पुन्हा सुनावणीची गरज नाही, असंही म्हटलं. दिलासा मिळाला तो असा: पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, कुणालाही हटवू नका. १९७६च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा द्या, मात्र आधी जागा आणि मगच हटवणं अशी अट नाही. वीस वर्षांहून जुन्या, सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागत नसेल तर काढू नका.

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २८ एप्रिल १९७६ला, आणीबाणीत, बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात जाता येणार नाही, असा जबलपूर खटल्याचा निकाल चार विरुद्ध एक मतानं लागला. त्या चारांत ते होते. तेव्हा जे दार लावून घेतलं गेलं, तेच दार त्यांनी नऊ वर्षांनी फुटपाथवरच्या माणसासाठी निदान किलकिलं केलं. मी त्यांचा हिशेब मांडत नाहीये. पण हे दार आपोआप उघडं राहत नाही, एवढं यातून कळतं. त्याच्या मागे माणसं असतात, आणि माणसं घाबरतात, बदलतात.

मिळालेल्या वेळाचं लोकांनी काय केलं, हेही बघण्यासारखं आहे. १९८५ मध्येच 'स्पार्क' या संस्थेनं भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली. अहवालाचं नाव होतं 'वुई, द इनव्हिजिबल', म्हणजे आम्ही, न दिसणारे. याच भागातल्या फुटपाथवरच्या बायकांनी 'महिला मिलन' उभी केली. ज्यांना उचलून बसमध्ये टाकता येत होतं, त्या आता आपली यादी हातात घेऊन बोलणी करायला जाऊ लागल्या.

खिडकीतून दिसणारा रस्ता

मी रोज लोकलनं माहीम ते दादर जाते. पश्चिमेच्या खिडकीतून तुलसी पाइप रोड दिसतो. त्याचं आजचं नाव सेनापती बापट मार्ग. बापटांना 'सेनापती' केलं ते मुळशी सत्याग्रहानं. टाटांच्या धरणात ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्या मावळ्यांच्या बाजूनं ते १९२०च्या दशकात लढले होते. विस्थापितांच्या सेनापतीच्या नावाच्या रस्त्यावरून माणसं विस्थापित होत राहिली. फ्लायओव्हर आला, काचेचे टॉवर आले. पण कडेला निळं प्लॅस्टिक अजून अधूनमधून दिसतं.

१३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं बुलडोझर कारवायांवर निकाल दिला. मूळचे अमरावतीचे न्या. भूषण गवई त्या पीठात होते. आधी नोटीस, किमान पंधरा दिवसांची मुदत, म्हणणं ऐकणं, असे नियम त्यात घालून दिले. वाचताना मला आनंद झाला. मग पुढचं वाक्य आलं: रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव इथल्या अनधिकृत बांधकामांना हे नियम लागू नाहीत.

म्हणजे जिथून १९८१ साली हा सगळा वाद सुरू झाला, नेमकी तीच जागा वगळली. पण ओल्गा टेलिसचा निकाल तरीही उभा आहे, तोही पाच न्यायाधीशांच्या पीठाचा, आणि तो फुटपाथबद्दलच आहे.

परवा आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं शेजारच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर पुन्हा वडे तळायला सुरुवात केली आहे, दुकानदाराला भाडं देऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कोर्टानं सांगितलंय ना, आधी विचारायचं म्हणून?"

"हो, सांगितलंय. चाळीस वर्षं झाली."

"मग त्याची झेरॉक्स काढून पाठव," ती म्हणाली. "मराठीत लिहून पाठव पण. आला ट्रक, की आधी ते वाचून दाखवते, मग सिलिंडर उचलते."

झेरॉक्स काढली आहे. मराठीत लिहायचं राहिलं होतं, ते आज लिहिलं.