परिचर्येतील विशेष शाखेची निवड (नवेगाव बांध परिसर)

परिचर्येतील विशेष शाखेची निवड : सर्वसाधारण प्रशिक्षण संपवून नोंदणी झालेल्या परिचारिकेने कोणत्या विभागात काम करावे व पुढचे शिक्षण कोणत्या विषयात घ्यावे, याविषयीचा निर्णय. मोठ्या शहरात तो बहुधा आवड, पगार आणि पाळ्या पाहून घेतला जातो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा भाग तलाव, धानशेती आणि राखीव जंगलाचा. गावे विखुरलेली आणि जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ६५ किमी दूर. येथे ही निवड दोन गोष्टींवर ठरायला हवी : परिसरात कोणते आजार आहेत आणि मोठे रुग्णालय किती लांब आहे. या कसोटीवर सामुदायिक आरोग्य परिचर्या व प्रसूती परिचर्या या दोन शाखा इतरांच्या पुढे जातात.

शिक्षणक्रम : एएनएम (सहाय्यक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. राज्यातील नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. एम.एस्सी.साठी पाच विषय आहेत : वैद्यकीय-शल्य, सामुदायिक आरोग्य, बाल आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य. याशिवाय अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू, कर्करोग इत्यादी विषयांत एक वर्षाच्या पदविका आहेत. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतिसेवेचा १८ महिन्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आखण्यात आला. एएनएम झालेल्या मुलीला यांपैकी कोणत्याही पदविकेला थेट प्रवेश नाही. तिला आधी जीएनएम किंवा बी.एस्सी. करावे लागते. खेड्यातील अनेक मुली एएनएमपासूनच सुरुवात करतात. त्यांच्या बाबतीत शाखेची निवड प्रवेश घेतानाच होऊन जाते, आणि ती आरोग्य उपकेंद्रातील कामाची असते.

पदरचना : राज्याच्या आरोग्यसेवेत अधिपरिचारिका हे सर्वसाधारण पद आहे. बालरोग परिचारिका, मनोरुग्ण परिचारिका, सार्वजनिक आरोग्य परिचारिका अशी थोडीच पदे शाखेच्या नावाने आहेत. त्यामुळे अतिदक्षतेची पदविका घेतलेल्या परिचारिकेची नेमणूक सामान्य कक्षात होऊ शकते. ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे असते. तेथे रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेपुढे बाळंतपण, तापाने फणफणलेले मूल आणि सर्पदंश झालेला शेतकरी एकापाठोपाठ येऊ शकतात. शाखेनुसार रुग्ण वाटून घेण्याची सोय मोठ्या रुग्णालयात असते, येथे नसते.

सिकलसेल : पूर्व विदर्भात शाखेचा विचार या आनुवंशिक रक्तविकाराला वगळून करता येत नाही. आई-वडील दोघेही वाहक (एएस) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण (एसएस) असण्याची शक्यता २५ टक्के असते. प्राथमिक तपासणी विद्राव्यता चाचणीने होते व निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्के केले जाते. पण निदान झाल्यावर खरे काम सुरू होते. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित चालू ठेवणे, मुलाला ताप आला की लगेच दवाखान्यात आणायला आईला सांगणे, भरपूर पाणी प्यायला लावणे, अंगदुखीचा झटका ओळखणे, लग्न ठरवण्यापूर्वी दोन्ही घरांना तपासणीचा अर्थ समजावणे आणि वाहक जोडप्याला गर्भजल तपासणीची माहिती देणे, ही सर्व कामे वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांत करावी लागतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. त्याची मुदत २०४७ पर्यंत आहे. एम.एस्सी.च्या पाच विषयांत रक्तविकारांची वेगळी शाखा नाही. त्यामुळे हे काम सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या वाट्याला येते, आणि त्या शाखेत ते दुय्यम न मानता केंद्रस्थानी असायला हवे.

नवजात व माता : लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालकांची सेवा केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ही घट अत्याधुनिक यंत्रांमुळे झाली नव्हती. बाळाला ऊब देणे, स्तनपान लवकर सुरू करणे आणि जंतुसंसर्ग वेळेवर ओळखून औषध देणे यांतून ती साधली. मातांबाबतही असेच म्हणता येते. गरोदर बाईचा रक्तदाब वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन तिला पुढे पाठवण्याची मुभा एएनएमलाही आहे. ६५ किमीच्या वाटेवर त्या पहिल्या मात्रेचे मोल मोठे असते.

आक्षेप : पहिला आक्षेप पैशाचा आहे. अतिदक्षता किंवा शस्त्रक्रियागृहाचा अनुभव असेल तर नागपूरच्या खासगी रुग्णालयांत व परदेशात मागणी असते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. घरातील पहिली कमावती मुलगी हा मार्ग धरत असेल, तर तिला दोष देता येणार नाही. मात्र यंत्रावर अवलंबून असलेले कौशल्य यंत्र असेल तेथेच उपयोगी पडते. गावाकडे परतायचे असेल, तर हा हिशेब आधीच मांडलेला बरा. दुसरा आक्षेप असा, की तातडीच्या रुग्णांसाठी अतिदक्षतेचेच शिक्षण हवे. पण सर्पदंशात सर्वांत आधी लागणारी २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत होते, आणि मण्यारचा दंश झालेल्या माणसाच्या पापण्या जड होत आहेत का, हे पाहायला सजग डोळेच लागतात. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सामुदायिक शाखेत बढतीच्या वाटा अरुंद आणि कागदपत्रांचे ओझे मोठे. हे खरे आहे. पण हा दोष पदरचनेचा आहे, शाखेचा नव्हे. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आल्यापासून बी.एस्सी. परिचारिकांना एक नवी वाट मिळाली. त्या पदावर परिचारिका असावी की आयुर्वेद पदवीधर, याबाबत मतभेद आहेत.

मानसिक आरोग्य परिचर्या : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोरुग्ण परिचारिकेचे पद असते.

पुरुष परिचारक : जीएनएम व बी.एस्सी.ला पुरुषांना प्रवेश आहे. एएनएम फक्त स्त्रियांसाठी आहे.

मूल्यमापन : शाखेचे शिक्षण आणि पदाचे नाव यांची सांगड बसत नाही तोवर वैयक्तिक निवडीला मर्यादा राहणारच. सिकलसेल व प्रसूतिसेवेत पुढचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांसाठी ग्रामीण रुग्णालयांत त्या नावाची पदे निर्माण करणे, हा नवेगाव बांधसारख्या भागासाठी सर्वांत उपयुक्त बदल ठरेल.